एका अवतरणचिन्हापायी

श्रीयुत सर्वज्ञ भाऊ यांस,



पत्र लिहिण्यास कारण की, आपण आमच्या लॅबवर केलेल्या उपकारांची पोच द्यायची राहून गेली होती. आपलं नाव ठाऊक नाही, म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे. आपण यवतमाळात राहता की दारव्हा, आर्णी, घाटंजीहून एसटीनं येता, तेही ठाऊक नाही. महाविद्यालयाचं नाव मुद्दामच घालत नाही. जिल्ह्यात जिथं म्हणून उबंटू घातलेली लॅब आहे तिथं आपल्या पंथाचा एक तरी भाऊ असतोच. ज्याचं त्यानं ओळखून घ्यावं.

नाव ठाऊक नसलं तरी आपलं कर्तृत्व आम्हाला मिनिटासकट ठाऊक आहे. लिनक्समध्ये 'व्हार'च्या पोटात 'लॉग' नावाचा फोल्डर असतो आणि त्यात 'अल्टरनेटिव्ज डॉट लॉग' नावाची एक गरीब फाइल. एका नावाखाली कोणता प्रोग्राम चालायचा ते ठरवणारी 'अपडेट-अल्टरनेटिव्ज' ही कमांड कुणी चालवली की ही फाइल तारीख, वेळ आणि टाइप केलेली अख्खी ओळ निमूट लिहून ठेवते. शेजारच्या 'एपीटी' फोल्डरात 'हिस्टरी डॉट लॉग' असते. कोणतं पॅकेज कधी आलं, कधी गेलं, कोणत्या कमांडनं गेलं, सगळं तिच्यात. आपण ब्राउझरची हिस्टरी तेवढी आठवणीनं पुसून गेलात. या काळजीबद्दल खास आभार.

तर नोंदीवरून दिसतं ते असं. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, लॅब रिकामी पाहून आपण कामाला लागलात. पासवर्ड सरांच्या खांद्यावरून आधीच वाचून ठेवला असणार. प्रथम डेडस्नेक्स हे बाहेरचं भांडार जोडलंत. मग त्यातून पायथन ३.१२ उतरवून घेतलंत. इथवर माझी काडीचीही तक्रार नाही. उबंटू २२.०४ सोबत पायथन ३.१० येतं, आणि ३.१२ त्याच्या शेजारी सुखानं राहतं. 'पायथन३.१२' असं पूर्ण नाव टाइप केलं की ते चालतं, नुसतं 'पायथन३' टाइप केलं की जुनं चालतं. कुणाचं कुणावाचून अडत नाही. आपण इथं थांबला असतात तर मीच आपल्याला दत्त चौकात नेऊन चहा पाजला असता.

पण आपण थांबणाऱ्यांपैकी नव्हे. पुढच्या दोन ओळींत आपण 'यूएसआर-बिन' मधलं 'पायथन३' हे नावच अपडेट-अल्टरनेटिव्जच्या ताब्यात दिलंत. ३.१० ला प्राधान्य १, ३.१२ ला प्राधान्य २. मोठा आकडा जिंकतो, त्यामुळे त्या क्षणापासून त्या मशीनवर कुणीही 'पायथन३' म्हटलं की ३.१२ उठून उभं राहू लागलं. एका मशीनवर भागलं नाही म्हणून खिडकीकडची अख्खी ओळ आपण अशीच उद्धरलीत.

एवढा खटाटोप कशासाठी, हे पाहावं म्हणून आपला प्रोग्राम उघडला. तो आपण डेस्कटॉपवरच ठेवून गेला होतात, नाव 'फायनल_फायनल_२'. जिल्ह्याचे सोळा तालुके, प्रत्येकापुढे कापूस, तूर, सोयाबीन यांचे आकडे, आणि ते छापायला एक एफ-स्ट्रिंग. विषय उत्तम. एफ-स्ट्रिंगही उत्तम. फक्त बाहेर दुहेरी अवतरणचिन्ह आणि आत 'कापूस' या शब्दाभोवती पुन्हा दुहेरीच. ३.१० नं सरळ सिंटॅक्स एरर दिली. नियम साधा होता: बाहेर दुहेरी घेतलं असेल तर आत एकेरी घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ नं ही अट काढून टाकली, हे आपण कुठंतरी वाचलं असणार. वाचनाची आवड चांगलीच.

भाऊ, एकेरी आणि दुहेरी अवतरणचिन्ह कीबोर्डवर एकाच कळीवर असतात. शिफ्टवरचं बोट उचलायचं होतं. तेवढंच. ते बोट जड झालं म्हणून आपण अख्ख्या ओळीचं पायथन बदललंत.

आता दुसऱ्या दिवशीचं ऐका. अमरावतीहून एक्स्टर्नल आलेले. पोरं-पोरी जर्नल घेऊन रांगेत. पहिल्या मुलीनं टर्मिनलच्या चित्रावर क्लिक केलं. बाणाशेजारी गोल फिरलं, फिरलं आणि थांबलं. खिडकी नाही, एरर नाही, काही नाही. तिनं पुन्हा क्लिक केलं. पुन्हा गोल फिरलं. फायरफॉक्स उघडत होतं, कॅल्क्युलेटर उघडत होतं, त्यामुळे मशीन बिघडलं असं कुणी म्हणेना. "हळू दाब ना बाई," मागून सल्ला आला. मग रीस्टार्ट. मग पुन्हा रीस्टार्ट. मग एक्स्टर्नल सरांनी माऊस बदलायला सांगितला. बदलला. नवा माऊसही टर्मिनल उघडेना.

आउटपुटची प्रिंट तरी जुन्या फाइलींमधून काढून द्यावी म्हटलं, तर प्रिंटरच्या सेटिंगची खिडकीही तशीच मुकी. शेवटी सरांनी प्रोग्राम कागदावर लिहून घेतले. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवायची याला किती महत्त्व आहे हे आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा कागदावर किती बोटं जागा सोडली म्हणजे ती चार स्पेस धरायची, यावर निम्मी व्हायवा झाली. झरी-जामणीकडून पहाटे निघून आलेल्या एका मुलीनं पट्टी मागून घेतली आणि समास आखून प्रोग्राम लिहिला. तिला काय मार्क पडले ते मला कळलेलं नाही. आपल्याला कळलं तर कळवा.

हे का झालं, ते आपल्यासारख्या तज्ज्ञाला सांगणं म्हणजे धाडसच, तरी सांगतो. उबंटू २२.०४ मध्ये टर्मिनलचं चित्र दाबलं की आधी एक छोटा पायथन प्रोग्राम चालतो आणि तो खरं टर्मिनल उघडतो. त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं: मला यूएसआर-बिन-पायथन३ नं चालवा. तो 'जीआय' नावाची लायब्ररी मागतो. त्या लायब्ररीचा एक भाग सी भाषेतून कंपाइल केलेला असतो आणि त्या फाइलच्या नावातच 'सीपायथन-३१०' असा शिक्का असतो. तो भाग ३.१० साठीच बांधलेला. ३.१२ येतं, '३१२' शिक्क्याची फाइल शोधतं, सापडत नाही, आणि प्रोग्राम तिथंच मान टाकतो. चित्रावर क्लिक केलं असल्यामुळे त्याचं शेवटचं बोलणं ऐकायला कुणी नसतं. प्रिंटरच्या खिडकीचं तेच. कुठलंही भांडार जोडणाऱ्या कमांडचं तेच, म्हणजे ज्या कमांडनं आपण डेडस्नेक्स आणलंत तीसुद्धा आपण जाता जाता मारून गेलात. पॅकेजं बसवणारं एपीटी स्वतः सी++ मध्ये लिहिलेलं, म्हणून ते वाचलं. पण 'अपडेट' म्हटलं की शेवटी एक पायथन स्क्रिप्ट चालते आणि 'एपीटी-पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही' असं रडून पडते.

म्हणजे 'पायथन३' हे नाव आपल्यासाठी ठेवलेलं नव्हतंच. ते मशीनचं स्वतःचं घरकामाचं नाव. डेबियन आणि उबंटूवाल्यांनी ते अपडेट-अल्टरनेटिव्जच्या यादीत मुद्दाम ठेवलेलं नाही. ते पॅकेजमधून आलेली साधी लिंक आहे आणि तिनं ३.१० कडेच बोट दाखवायचं असतं. आपण यादी उघडून पाहिली असती तर तिथं पायथन३ नाही हे दिसलं असतं. दिसलं असेलही. "नाही ना? मग आपण टाकून देऊ," असं आपण म्हणाला असाल. समाजकार्याची ओढ.

वास्तविक अपडेट-अल्टरनेटिव्ज हे बिचारं भलं साधन. डेबियनचे इयन जॅक्सन यांनी ते १९९५ मध्ये लिहिलं, आणि रेड हॅटनं पुढं तीच कल्पना उचलून आपली आवृत्ती केली. जावाची दोन व्हर्जन असतील, एडिटर तीन असतील, तर यूएसआर-बिन मधलं नाव एकच राहतं, ते 'ईटीसी-अल्टरनेटिव्ज' मधल्या लिंककडे बोट दाखवतं, आणि ती लिंक प्रत्यक्ष प्रोग्रामकडे. '--कॉन्फिग जावा' म्हटलं की तक्ता येतो, चालू असलेल्यापुढे चांदणी, समोर प्राधान्याचा आकडा. जावा ११ ला ११११, जावा १७ ला १७११. नंबर दाबला की झालं. ज्या नावावर मशीनचं स्वतःचं काही अडलेलं नाही, त्या नावांसाठी ही सोय.

आपल्या मूर्तिजापूरचं पाहा. यवतमाळहून लाडखेड, दारव्हा, कारंजा करत शकुंतला रेल्वे जायची ती नॅरोगेजवर, आणि मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची ब्रॉडगेज. लोक उतरायचे, गाठोडं उचलायचे आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. ब्रॉडगेजची गाडी हवी म्हणून नॅरोगेजचे रूळ उखडून तिथं एका दुपारीत रुंद रूळ ठोकावेत असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर ते डोकं आपलं असतं.

आपण म्हणाल, व्हर्जन म्हणजे नुसता आकडा, एवढं काय त्यात. एक गंमत करून पाहा. पायथन २ ला 'यवतमाळ' या शब्दाची लांबी विचारा. युनिकोडचा मुद्दाम उल्लेख न करता विचारलं तर ते सांगतं १८, कारण ते बाइट मोजतं. पायथन ३ सांगतं ६, कारण ते माळाचा काना वेगळा मोजतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तुम्ही-आम्ही मोजतो ती अक्षरं पाच. तालुक्यांच्या नावांचा तक्ता नीट रकान्यात छापायचा असेल तर व्हर्जननं असा फरक पडतो. म्हणून नव्याला माझा विरोध नाही. मराठीत काम करणाऱ्यानं पायथन ३ चे आभारच मानावेत. पण ते आलं कसं? ३.० निघालं डिसेंबर २००८ मध्ये, आणि पायथन २ चा आधार संपला १ जानेवारी २०२० रोजी. आधी ठरलेली २०१५ ची मुदतही वाढवून द्यावी लागली होती. मधली सगळी वर्षं दोन्ही एकाच मशीनवर 'पायथन२' आणि 'पायथन३' अशा दोन वेगळ्या नावांनी राहिली. जगभरच्या लोकांना सवय मोडायला इतका वेळ दिला गेला. आपण आमच्या लॅबला जेवणाची सुट्टी दिलीत.

आणि आपणच पहिले, असा अहंकार नसावा. सेंटओएस ६ मध्ये पायथन २.६ यायचं. लोकांना हवं असायचं २.७. मग आपल्यासारखेच कुणी कुणी यूएसआर-बिन मधलं पायथनच बदलायचे आणि दुसऱ्या मिनिटाला 'यम' बंद. यम हा सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम, आणि तो स्वतः पायथनमध्ये लिहिलेला. म्हणजे दुरुस्तीचं सामान आणणाराच आजारी. अशा भाऊमंडळींना कंटाळून म्हणा किंवा ओळखून म्हणा, रेड हॅटनं २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या आवृत्ती ८ मध्ये मशीनचं स्वतःचं पायथन 'प्लॅटफॉर्म-पायथन' नावानं 'लिबएक्झेक' फोल्डरात नेऊन लपवलं, आणि बाहेरचं पायथन लोकांना हवं तसं बदलायला मोकळं सोडलं. यवतमाळहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरून पुण्याला नोकरीसाठी जाणारी पोरं पुढं अशाच सर्व्हरांवर काम करतात. आपणही जालच. तेव्हा लिबएक्झेककडे वळू नका, एवढी हात जोडून विनंती.

डेबियननं २०२३ च्या आवृत्ती १२ पासून आणखी एक कुंपण घातलं. मशीनच्या पायथनमध्ये पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनानं काही घुसवायला गेलं की ते नकार देतं आणि वेगळं एन्व्हायर्नमेंट करायला सांगतं. तरीही हट्टच असेल तर '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' असा फ्लॅग लिहावा लागतो. आपण तो न वाचता चिकटवाल याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता 'आपण' पुरे झालं. तू म्हणतो. काहून बे, एका मशीनवर 'पायथन३' हे पॅकेजच काढून कशाला टाकलंस? नवं बसलं म्हणजे जुनं कचरा, असं? हिस्टरी डॉट लॉगमध्ये ती यादी आहे. तू 'रिमूव्ह पायथन३' म्हटलंस, एपीटीनं काय काय जाणार ते पडदाभर दाखवलं, त्यात 'उबंटू-डेस्कटॉप' असं स्वच्छ लिहिलं होतं, शेवटी विचारलं, चालू ठेवू का? आणि तू वाय दाबलंस. विचारलं होतं रे तुला. ते मशीन मग चालू व्हायचं, काळ्या पडद्यावर नाव-पासवर्ड विचारायचं आणि थांबायचं. ते मी पुन्हा पहिल्यापासून भरलं.

बाकीची ओळ कशी सुधारली तेही ऐक, म्हणजे पुढच्या वेळी निदान स्वतःचं निस्तरता येईल. टर्मिनल उघडत नसलं तरी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं की काळा पडदा येतो, तिथं लॉगिन होतं. पायथनशी त्याचा संबंध नाही. तिथं 'अपडेट-अल्टरनेटिव्ज --रिमूव्ह-ऑल पायथन३' चालवलं की तुझी लिंक जाते. पण जुनी आपोआप परत येत नाही, कारण तिच्याच जागेवर तू तुझी बसवली होतीस. त्या क्षणी मशीनवर 'पायथन३' नावाचं काहीच नसतं. म्हणून लगेच पुढची ओळ 'एलएन -एस' ची: पायथन३ या नावानं पायथन३.१० कडे बोट. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ२ किंवा एफ१, जिथं डेस्कटॉप असेल तिथं परत. टर्मिनल उघडलं. हेच खिडकीकडच्या एकेका मशीनवर जाऊन, दुपारच्या उन्हात, पंखा बंद असताना.

तुझं ३.१२ मी काढलेलं नाही. ठेवलंय. उलट 'पायथन३.१२-व्हेनव्ह' हे पॅकेजही टाकून दिलंय, त्यावाचून तुझं पुढचं पाऊल अडलं असतं. तुझ्या फोल्डरात जा, 'पायथन३.१२ -एम व्हेनव्ह कापूस' म्हण. 'कापूस' नावाचा फोल्डर तयार होईल. त्यातली अॅक्टिव्हेट फाइल 'सोर्स' केलीस की त्या एका टर्मिनलपुरतं 'पायथन३' म्हणजे ३.१२. दुसरी खिडकी उघड, तिथं ३.१०. सुडो नाही, पासवर्ड नाही, सरांचा खांदा नाही. पिपनं काय हवं ते त्यात ओत. बिघडलं तर फोल्डर डिलीट कर, कुणाला पत्ता लागणार नाही. व्हर्जनं फारच वाढली तर पायएन्व्ह आहे, तेही घरच्या फोल्डरातच राहतं, आणि प्रोजेक्टमध्ये एक छोटी फाइल ठेवली की तिथं कोणतं पायथन ते आपोआप ठरतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये लिनक्सचे पाठ मराठीतूनही आहेत, इंग्रजी येत नाही ही सबब चालायची नाही.

आणि तो प्रोग्राम. त्यातलं अवतरणचिन्ह मी एकेरी केलं. ३.१० वर चालला. सोळाही तालुके छापले गेले. राळेगावचं सोयाबीन तू कापसाच्या रकान्यात टाकलं आहेस, ते कोणतंही व्हर्जन सुधारणार नाही.

पासवर्ड बदलला आहे. सर आता पाठ भिंतीकडे करून तो टाइप करतात.

कळावे,
आपला नम्र,
लॅब असिस्टंट

ता. क. : जावाही तूच बदललंस, लॉगमध्ये आहे. 'जावा' ११ वर नेलंस आणि 'जावासी' १७ वरच विसरलास. दोघांची नोंद वेगळी असते, हे तक्ता वाचला असतास तर कळलं असतं. मग पोरं १७ नं कंपाइल करायची, ११ नं चालवायची, आणि क्लास फाइल ६१ ची, मला ५५ पर्यंतच कळतं, अशी एरर यायची. 'अपडेट-जावा-अल्टरनेटिव्ज' नं दोन्ही एकदम बदलतात. बाकीच्या मशीनवर मी करून ठेवलंय. कोपऱ्यातलं एक मुद्दाम तसंच ठेवलंय. सोमवारी ये आणि सगळ्यांसमोर तूच नीट कर. पासवर्ड मी टाकतो.